दहा हजारांचा धसका, दोनशे तीसशी सलगी

डिसेंबरात विदर्भात थंडी पडली की दिवा मालवून स्वेटर काढणाऱ्याला अंधारात स्वतःच्याच अंगावर ठिणग्या दिसतात. चट चट आवाज होतो, डोक्यावरचे केस ताठ उभे राहतात आणि शेजारच्या गादीवरचा धाकटा ‘दादा, परत एकदा काढ ना’ म्हणून हट्ट धरतो. मग दादा पुन्हा स्वेटर चढवतो, पुन्हा काढतो. लोकर आणि टेरिकॉट एकमेकांवर घासले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. वेगळे होताना ते परत घेऊन जाण्याइतकी सवड कुणालाच मिळत नाही, आणि मग त्याची वसुली ठिणग्यांनी होते.

मुंबईकराला हा खेळ फारसा ठाऊक नसतो. समुद्राकाठच्या दमट हवेत कपड्यांवर, कातडीवर, भिंतींवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसलेला असतो आणि जमू पाहणारा प्रभार त्यातून बिनबोभाट निसटतो. मुंबईत माणसाच्या अंगावर फक्त घाम साठतो.

ही गोष्ट शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांना सगळ्यांत जास्त नडते. महाराष्ट्रात शाळा सुरू होतात जूनमध्ये, आणि स्थितिक विद्युतचा धडा नेमका भर श्रावणात आला की झालंच. सर प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासतात, काचेची कांडी रेशमी कापडावर घासतात, घासून घासून कांडी गरम होते, टेबलावरचे कागदाचे कपटे मात्र सुस्त पडून राहतात. शेवटी सर म्हणतात, ‘मुलांनो, समजा, हे कपटे उचलले गेले.’ मुलं समजतात. परीक्षेत तसंच लिहितात आणि गुणही मिळवतात. हाच प्रयोग जानेवारीत केला असता तर कपट्यांनी कंगव्याकडे उड्या घेतल्या असत्या. त्यातल्या काहींनी कंगव्याला शिवताक्षणी त्याचाच प्रभार उचलून पुन्हा लांब उडीही मारली असती.

मुंबई-ठाण्याच्या माणसाला स्थितिक विजेची खरी ओळख होते ती अमेरिकेत. सुनेच्या बाळंतपणासाठी डोंबिवलीच्या काकू जानेवारीत शिकागोला पोचतात. बाहेर पारा शून्याच्या खाली. त्या थंडगार हवेत मुळातच बाष्प कमी असतं, आणि तीच हवा घरात घेऊन तापवली की ती पापडासाठी आदर्श होते. जमिनीवर नायलॉनचा गालिचा, काकूंच्या पायात जाड मोजे. काकू पाय घासत दारापर्यंत जातात, मुठीला हात लावतात, आणि फट्!

‘अगं, तुमच्या दाराला करंट येतोय!’

‘दाराला नाही हो आई. तुम्हाला आलाय.’

सासू-सुनेच्या इतिहासात इतकं खरं वाक्य क्वचितच बोललं गेलं असेल, पण ते ज्या अर्थानं घेतलं जायचं त्याच अर्थानं घेतलं जातं. वास्तविक सून भौतिकशास्त्राच्या बाजूने बोलत असते. प्रभारित झालेल्या असतात काकू. दार बिचारं आपल्या जागी स्वस्थ उभं असतं. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर सहज दहा हजार व्होल्ट चढू शकतात, कधी त्याहूनही कितीतरी जास्त. तीन हजारांच्या खालचा झटका तर बहुतेकांना जाणवतही नाही. हवेला फाडून जायला विजेला मिलिमीटरमागे साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणून बोट आणि मूठ यांच्यात तीनेक मिलिमीटर अंतर उरलं की ठिणगी उडते. उपाय सोपा आहे. हातात किल्ली घट्ट धरायची आणि आधी तिचं टोक मुठीला लावायचं. ठिणगी किल्लीवर उडते आणि बोटाच्या एकाच बिंदूला बसणारा चिमटा वाचतो.

दहा हजार हा आकडा ऐकून काका घाबरतात. रात्री फोनवर डोंबिवलीतल्या शेजाऱ्यांना सांगतात, ‘हिला दहा हजारांचा शॉक बसला, पण आहे बरी.’ शेजारी गणपतीला नारळ कबूल करतात. इथं काकांचा हिशेब चुकतो. व्होल्ट म्हणजे नुसती उंची, आणि पाचव्या मजल्यावरून टाळक्यावर पाण्याचा एक थेंब पडला म्हणून कुणाचं डोकं फुटत नाही. माणसाच्या शरीरावर साठू शकणारा प्रभार इतका किरकोळ असतो की दहा हजार व्होल्टच्या त्या ठिणगीत सुमारे पाच मिलिज्यूल ऊर्जा भरते. नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्यावर एका सेकंदाचा हजारावा भागसुद्धा जळणार नाही.

घाबरायचं कशाला, याबद्दल माणसाचा अंदाज असा पहिल्यापासूनच अफलातून आहे. अठराव्या शतकात तर युरोपातले लोक झटका बसावा म्हणून रांगा लावत होते.

त्याची सुरुवात एका रंगाऱ्याने केली. स्टीफन ग्रे हा कँटरबरीचा, धंद्याने कापड रंगवणारा. उतारवयात लंडनच्या चार्टरहाऊस नावाच्या धर्मादाय संस्थेत आश्रयाला राहिलेला. त्याच्याकडे काचेची एक नळी होती. ती घासली की पीस ओढून घ्यायची. नळीत धूळ जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही तोंडांना बुचं लावली होती. १७२९ मध्ये त्याच्या लक्षात आलं की पीस बुचाकडेही ओढलं जातंय, आणि बूच तर कुणी घासलेलं नव्हतं! म्हणजे नळीतलं ‘ते’ बुचात गेलं होतं. मग म्हातारा थांबेना. बुचात काडी खोच, काडीला हस्तिदंती गोळा लाव, गोळ्याला सुतळी बांध, सुतळी गच्चीतून खाली सोड, असं करत करत तो केंट परगण्यात ग्रॅनव्हिल व्हीलर नावाच्या मित्राच्या वाड्यात पोचला. तिथं दोघांनी सुतळी आडवी नेली आणि ती तोलायला रेशमाचे बारीक दोरे वापरले. वीज शेकडो फूट लांब पोचली. वजनाने रेशीम तुटलं, तेव्हा तितकीच बारीक पण मजबूत म्हणून पितळेची तार लावली, आणि वीज एकदम गायब! जाडी-बारकीचा प्रश्न नव्हता. रेशीम वीज अडवतं आणि पितळ तिला जाऊ देतं. वाहक आणि विसंवाहक हा आज सातवी-आठवीत घोकला जाणारा भेद असा एका तुटलेल्या दोऱ्यामुळे सापडला.

पुढच्या वर्षी ग्रेने आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आणला, कपड्यांसकट ४७ पौंड वजनाचा, आणि त्याला दोऱ्यांनी छताला आडवा टांगला. घासलेली नळी त्याच्या पायांजवळ धरली की त्याच्या तोंडाकडे पितळी वर्खाचे तुकडे उडत. त्या मुलाला काय वाटलं, याची नोंद विज्ञानाने घेतलेली नाही. ग्रेला मात्र १७३१ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं, ते मिळवणारा तो पहिलाच. बैठकीच्या खोल्यांमधून हा टांगलेल्या मुलाचा खेळ नंतर युरोपभर गाजला. जर्मनीत गेओर्ग मथियास बोस याने त्याची पुढची पायरी काढली. विसंवाहक पाटावर एखाद्या तरुणीला उभं करून तिला प्रभारित करायचं आणि मग चुंबनेच्छू मंडळींना पुढे बोलवायचं. ओठांवर ठिणगी बसून गडी मागे कोलमडे. तरीही रांग हटत नसे.

हे सगळं चिमट्यांचं काम होतं. १७४५-४६ च्या सुमारास लायडन बरणी आली आणि गंमत जरा महाग झाली. काचेची बरणी, आतून बाहेरून वाहक, मध्ये काच. तिच्यात भरपूर प्रभार साठवून ठेवता येऊ लागला. लायडनच्या प्रोफेसर म्युशेनब्रूक यांनी तिचा झटका खाल्ला आणि फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा खाणार नाही, असं कळवून टाकलं. फ्रान्समध्ये त्यामुळे उलट उत्साह वाढला. आबे नोले या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १७४६ मध्ये पंधराव्या लुईसमोर १८० शिपाई हातात हात गुंफून उभे केले आणि साखळीच्या दोन टोकांना बरणी जोडली. सगळे एकाच क्षणी उडाले. राजा खूश. नोलेने मग पॅरिसच्या कार्थुझियन मठातल्या साधूंची लोखंडी तारांनी जोडलेली लांबच लांब रांग केली. ते मौनव्रती संतही एकदमच उडाले, आणि त्यांच्या मौनाचं त्या क्षणी काय झालं हे न विचारलेलंच बरं.

पुढे सिगो द ला फों या दुसऱ्या फ्रेंच प्रयोगकर्त्याच्या साखळीत झटका मधल्याच एका माणसापाशी अडायला लागला. त्याच्या पुढची माणसं मख्ख उभी. पॅरिसला कारण लगेच सुचलं. तो गृहस्थ पुरता पुरुष नसणार! बदनामी गावभर झाली. शास्त्रज्ञाने मात्र प्रामाणिकपणे दरबारातले खच्ची केलेले गायक बोलावून साखळीत उभे केले, आणि तेही बाकीच्यांइतकेच उंच उडाले. खरं कारण जमिनीत होतं. ती ओली होती आणि विजेला पुढच्या माणसाकडे जाण्यापेक्षा त्याच्या पायांतून खाली उतरणं सोपं पडत होतं. विजेला परतीचा रस्ता हवा असतो. तो माणसांच्या साखळीतून मिळो की चिखलातून, तिला सोयरसुतक नाही.

बेंजामिन फ्रँकलिनलाही हा धडा अंगावर घ्यावा लागला. डिसेंबर १७५० मध्ये, नाताळच्या दोन दिवस आधी, फिलाडेल्फियात तो दोन मोठ्या बरण्यांनी एक टर्की मारायला बसला. विजेने मारलेल्या पक्ष्याचं मांस मऊ होतं, असं त्याचं मत होतं. गप्पांच्या नादात बरण्या त्याच्याच अंगातून रित्या झाल्या. हात बधिर, छाती दुखरी. टर्की तेवढी शाबूत राहिली. याच फ्रँकलिनने धन आणि ऋण ही नावं रूढ केली आणि वीज धनाकडून ऋणाकडे वाहते असं गृहीत धरलं. पन्नास टक्के शक्यता होती, ती चुकली. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा कळलं की तारेत सरकणारी मंडळी ऋण आहेत आणि ती उलट्या बाजूने जातात. तोवर सगळ्या पुस्तकांत बाण छापून झाले होते. ते तसेच ठेवले आहेत.

बरणीतली वीज एका फटक्यात संपते. सतत वाहणारी वीज १८०० मध्ये व्होल्टाने दिली. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि अशा थरांची एक चळत. या चळतीची वंशज म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधले दोन पेन्सिल सेल. आता या सेलांशी मराठी घर कसं वागतं ते पाहण्याजोगं आहे. रिमोट चालेनासा झाला की पहिला उपचार म्हणजे तळहातावर दोन थपडा. दुसरा, झाकण उघडून सेल बोटाने गोल फिरवणे. तिसरा, सेलांची अदलाबदल. चौथा, खिडकीत ऊन खायला ठेवणे. पाचवा दातांचा, आणि तो बहुधा आजोबांकडे राखीव. हे सगळे उपाय विज्ञानाला मान्य नसले तरी पहिल्या दोघांचा त्याला आदर करावा लागतो. सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर गंजाचा, मळाचा पातळ थर चढतो आणि परिपथ तिथंच तुटतो. सेल फिरवला की तो थर खरवडला जातो, वाट मोकळी होते. उन्हाने आतली रासायनिक क्रिया तात्पुरती जोरात चालते आणि सेल आणखी एखादी मालिका दाखवून जातो. दात लावल्यावर जस्ताचं भांडं चेपतं आणि आतला मसाला गळू लागतो, तेव्हा आजोबांना आवरलेलं चांगलं.

परिपथ म्हणजे एवढंच. एका टोकातून निघायचं, काम करायचं आणि दुसऱ्या टोकात परत यायचं. कुठंही फट पडली की कारभार बंद. हे ज्ञान दिवाळीच्या आदल्या रात्री प्रत्येक घराला नव्याने होतं, कारण तोरण लागत नाही. जुन्या तोरणात सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकसर जोडणीत असतात. चाळीस सख्खे मिळून घरातले २३० व्होल्ट वाटून घेतात, आणि एकाने मान टाकली की चाळीसही अंधारात. मग कर्ता पुरुष एक चांगला दिवा हातात घेऊन एकेका जागी लावत बसतो. ही पद्धत निर्दोष आहे, फक्त गेलेला दिवा एकच असला पाहिजे. दोन गेले असतील तर माणूस पहाटेच्या अभ्यंगस्नानापर्यंत बसू शकतो. अखेर तो वैतागून गेलेला दिवा कापतो आणि दोन तारा पिळून जोडतो. तोरण लागतं, थोडं जास्तच झगझगीत लागतं, कारण तेच २३० व्होल्ट आता एकोणचाळीस जणांत वाटले जातात. त्यामुळे पुढचा जरा लवकर जातो. मग अडतीस. तोरण वर्षागणिक आखूड आणि तेजस्वी होत जातं. घरातले दिवे, पंखे मात्र समांतर जोडणीत असतात, म्हणून न्हाणीघरातला दिवा गेला तरी स्वयंपाकघरातली मंडळी निवांत असतात.

आता काका-काकूंच्या डोंबिवलीच्या घराकडे यायला हरकत नाही. दहा हजारांनी हादरलेल्या काकांनी तिथं टेबलफॅन कसा जोडलाय? पिन मोडली, म्हणून वायरीची दोन उघडी टोकं थेट सॉकेटच्या भोकांत, आणि ती हलू नयेत म्हणून वरून आगकाड्या खोचलेल्या. हा जोड महाराष्ट्रात इतका रूढ आहे की त्याला भारतीय मानकाचा क्रमांक मिळायला हवा होता. ढिल्या जोडापाशी रोध वाढतो, रोधातून प्रवाह गेला की उष्णता होते, आणि ती जिथं सर्वांत जास्त होणार नेमक्या त्या जागी काकांनी काडेपेटीतलं सामान ठेवलंय. माणसाच्या हाताला इथं फक्त २३० व्होल्ट भेटतील, पण या वेळी पाठीमागे ठिणगीपुरता साठा नसून अख्खं वीजकेंद्र उभं असतं, आणि ते एका ठिणगीवर थांबत नाही. कातडी कोरडी असेल तर ती थोडीफार अडवते. ओली असेल तर शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे दोनशेहून जास्त मिलिअँपिअर. हृदयाचा ठेका बिघडायला त्याचा काही भागही पुरतो. ‘ओल्या हाताने बटण लावू नकोस’ असं ओरडणाऱ्या आईने ओहमचा नियम कधी वाचलेला नसतो.

फ्यूजचंही तेच. पांढऱ्या चिनी मातीच्या ‘किटकॅट’मध्ये बारीक तार बांधायची असते. प्रवाह हाताबाहेर गेला की ती वितळते आणि परिपथ तोडते. बारीक तार वारंवार उडते म्हणून कुणी सज्जन वायरीतली जाड तांब्याची तार बांधतो आणि अभिमानाने सांगतो, ‘आता फ्यूज उडायचं नाव नाही.’ बरोबर आहे. आता भिंतीतलं वायरिंग उडेल. हल्लीच्या घरांत एमसीबी असतो, आणि शहाण्यांच्या घरी आरसीसीबीही. तो फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पुरता परत आला की नाही एवढंच पाहतो. तीस मिलिअँपिअरची तूट दिसली तर ती कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली असेल, असं समजून तो क्षणार्धात पडतो. काका त्याला शिव्या देत पुन्हा वर करतात.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन ही या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यांत दुर्लक्षित व्यक्ती. लांब अशासाठी की प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. तिचं काम एकच. फ्रिजच्या किंवा गिझरच्या पत्र्यावर चुकून फेज उतरला तर त्याला काकांच्या आधी जमिनीची वाट दाखवायची. ही वाट इमारतीच्या मागे एका खड्ड्यात जाते. तिथं धातूची पट्टी किंवा नळी पुरलेली असते आणि भोवती मीठ-कोळसा भरलेला असतो, ओल टिकावी म्हणून. मे महिन्यात माती वाळून खडखडीत झाली की तिचा रोध वाढतो आणि वाट असून नसल्यासारखी होते. म्हणून शेतातल्या पंपाच्या आणि डीपीच्या अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालतात. सोसायट्यांमध्ये ते कुणाचं काम आहे यावर एकमत झालेलं नाही.

गिझरला हात लावला की मुंग्या येतात म्हणून काकांनी वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, बोर्ड उघडला, खाली जाऊन मागचं अंगण बघून आला आणि म्हणाला, ‘काका, अर्थिंगला शेवटचं पाणी कधी घातलं होतं?’

काकांनी आत हाक मारली, ‘अगं, ते कुठलं रोप आपल्याकडे?’